कोयनाची रेघ आणि भडंगची रेघ

भडंग घरी आला तो ९ जून २०२४ ला, भर पावसात. मुलगा क्लासहून येताना त्याला दप्तरात घालून घेऊन आला. जेमतेम दहा आठवड्यांचं पिल्लू, पांढऱ्या अंगावर मसाला भुरभुरल्यासारखे तांबूस ठिपके, म्हणून नाव भडंग. सांगलीच्या माणसाला दुसरं काय सुचणार?

घरात आधीची एक होती, कोयना. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमचं गावभागातलं घर पहिल्या मजल्याच्या निम्म्यापर्यंत बुडालं होतं. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर घर धुवायला परतलो, तर माडीवर चार मांजरं अंग आखडून बसलेली. शेजारचे एक काका घर सोडून गेले नव्हते, ते एका परातीत सगळ्यांना मिळून भात टाकायचे. तिघं निघून गेली, ही राहिली. धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या तेव्हा कानात इतक्या भरल्या होत्या की मुलाने तिला कोयनाच म्हणायला सुरुवात केली. पुढे तिचं ऑपरेशन केलं, दरवर्षी लस दिली. ल्युकेमियाची चाचणी मात्र कधी केली नाही. अशी चाचणी असते हेच मला माहीत नव्हतं.

भडंगला पहिल्या लसीसाठी न्यायला २१ जून उजाडला. डॉक्टर मॅडमनी त्याचं तोंड उघडून पाहिलं, वजन केलं आणि विचारलं, "घरात दुसरं मांजर आहे ना? मग याची आधी ल्युकेमियाची चाचणी करू. आपण देतो त्या तीन रोगांच्या लसीत हा रोग येत नाही."

ल्युकेमिया म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे माणसांचा रक्ताचा कर्करोग आला. मॅडमनी समजावलं की मांजरांमध्ये हा एका विषाणूचा संसर्ग आहे. १९६४ मध्ये ग्लासगोत विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लिम्फोमा झालेल्या मांजरांत तो सापडला, तेव्हापासून नाव ल्युकेमियाचं पडलं. प्रत्यक्षात कर्करोगापेक्षा रक्त कमी होणं आणि प्रतिकारशक्ती ढासळणं यांनीच बरीच मांजरं जातात. तो मुख्यतः लाळेतून पसरतो: एकमेकांना चाटणं, एका वाटीत खाणं, चावणं. आईकडून पिल्लालाही जातो. माणसाला होत नाही. हे शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण घरी गेल्यावर सासूबाई पहिला प्रश्न तोच विचारणार होत्या.

चाचणीचं किट म्हणजे करोनाच्या घरगुती किटसारखीच पांढरी पट्टी, फक्त तिला दोन खिडक्या. एक ल्युकेमियाची आणि दुसरी एफआयव्हीची, म्हणजे मांजरांमधल्या एड्ससारख्या विषाणूची. सहायकाने भडंगला टॉवेलात पुरणाच्या करंजीसारखा गुंडाळला, मानेजवळचे केस ओले करून शीर शोधली आणि थोडंसं रक्त घेतलं. भडंग एकदाच ओरडला. बारीक नळीने रक्ताचा एक थेंब खिडकीत, वर द्रावणाचे थेंब, आणि दहा मिनिटांचा गजर लावला.

त्या दहा मिनिटांत मॅडमनी जे सांगितलं, ते पुढच्या चार महिन्यांत मला रोज उपयोगी पडलं. दोन खिडक्या दोन वेगळ्या गोष्टी शोधतात. एफआयव्हीच्या खिडकीत शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं दिसतात. ती आईच्या दुधातूनही येतात, म्हणून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू तिथे पॉझिटिव्ह आलं तर पुन्हा बघावं लागतं. ल्युकेमियाच्या खिडकीत शोध असतो तो विषाणूच्याच एका प्रथिनाचा. पी२७ म्हणतात त्याला. आईची प्रतिपिंडं किंवा लस यांमुळे तिथे घोळ होत नाही, त्यामुळे ही चाचणी कोणत्याही वयात करता येते. पण रक्तात ते प्रथिन दिसायला संसर्गानंतर साधारण तीस दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे आजचा निगेटिव्ह निकाल महिन्यापूर्वीपर्यंतचीच हमी देतो.

भडंग दोन्ही खिडक्यांत निगेटिव्ह. मी सुटकेचा श्वास टाकून पर्स उघडली, तर मॅडम म्हणाल्या, "ताई, आता घरातलीला आणा."

मला ते पटलं नाही. रोग आला तर बाहेरून येणार, रस्त्यावरच्या पिल्लाकडून. पाच वर्षं घरात असलेल्या, दरवर्षी लस घेतलेल्या मांजरीची कसली चाचणी? पण त्यांनी विचारलं, "ती गच्चीवर जाते का? तिची पूर्वी कधी केली होती?" पहिल्याचं उत्तर हो होतं आणि दुसऱ्याचं नाही. संध्याकाळी कोयनाला पिंजऱ्यात घालून, भडंगलाही बरोबर घेऊन गेले.

तिचा ओठ मॅडमनी अंगठ्याने वर करून खालची हिरडी दाखवली आणि भडंगची हिरडी शेजारी दाखवली. भडंगची गुलाबी, जास्वंदीच्या कळीसारखी. कोयनाची जवळजवळ पांढरी. दोन महिने ती कमी खात होती, अंगाने उतरली होती. मी समजत होते की वय झालं, दात दुखत असतील. रोज मांडीवर घेत होते, पण ओठ उचलून पाहिला नव्हता.

तिच्या पट्टीवर ल्युकेमियाच्या खिडकीत रेघ उमटायला दहा मिनिटं लागली नाहीत. दोन-तीन मिनिटांतच आली, नियंत्रण रेघेइतकीच, म्हणजे किट नीट चाललं हे दाखवणाऱ्या रेघेइतकीच गडद.

त्याच बैठकीत रक्ताची पूर्ण तपासणी झाली. रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण सांगणारा पीसीव्ही निदान पंचविसाच्या वर हवा, तिचा होता १७. पांढऱ्या पेशीही कमी. काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा तांबड्या पेशींच्या कडेला चिकटलेले जंतू असल्याची शंका आली. हा हिमोप्लाझ्मा नावाचा जंतू ल्युकेमियाच्या मांजरांत पुष्कळदा जोडीला सापडतो, आणि त्याच्यावर औषध आहे. डॉक्सीसायक्लिन सुरू झालं. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण मला ती सांगितली नसती तर मी चुकले असते: ही गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. गोळीनंतर दरवेळी सिरिंजने थोडं पाणी पाजायचंच, किंवा लगेच ओलं खाणं द्यायचं.

घरी आल्यावर सगळं बदललं. भडंग आल्यापासून पहिले चार दिवस आम्ही त्याला माळ्यावरच्या खोलीत वेगळा ठेवला होता. पण नंतर दुपारी मी शाळेत असताना सासूबाई दोघांना एकाच वाटीत दूध घालत. "एका वाटीत जेवली की भांडत नाहीत," हे त्यांचं म्हणणं, आणि माणसांच्या बाबतीत ते खरंही आहे. रिपोर्ट कळल्यावर त्या त्या वाटीकडे बघत कितीतरी वेळ गप्प बसल्या. मी म्हटलं, "आई, तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं." त्यांनी ती वाटी धुऊन, उन्हात वाळवून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. खरं तर एवढीही गरज नव्हती. हा विषाणू शरीराबाहेर कोरड्या जागी काही तासांतच मरतो आणि साध्या साबणानेही निकामी होतो. पण त्यांना ते करू दिलं.

भडंग त्याच रात्री वरच्या मजल्यावर जाऊबाईंकडे गेला. वाट्या वेगळ्या, शी-शूचे मातीचे ट्रे वेगळे, वर जाताना हात धुऊन जायचं.

पुढच्या आठवड्यात एका ओळखीच्यांनी दुसरं मत घ्यायला सुचवलं, म्हणून मी कोयनाला दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पट्टीचा फोटो पाहिला, कोयनाकडे जेमतेम नजर टाकली आणि म्हणाले, "ल्युकेमिया पॉझिटिव्ह आहे ना, मग आजच झोपवून टाका. दुसऱ्याला लागेल." मी पिंजरा उचलला आणि बाहेर आले. रिक्षात बसल्यावर हात थरथरत होते. तो राग अजून गेलेला नाही. एका पट्टीवरच्या एका रेघेवर जीव घ्यायचा सल्ला देण्याआधी दुसरी चाचणी करा, एवढंही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

मॅडमना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी कागदावर गणित मांडलं. समजा, गावातल्या एक हजार धडधाकट मांजरांची चाचणी केली आणि त्यांतल्या दहांनाच खरा संसर्ग आहे. किटने ते दहाही पकडले. पण उरलेल्या ९९० पैकी शंभरात दोनांना किटने चुकून पॉझिटिव्ह दाखवलं, तर ती झाली वीस. म्हणजे तीस पॉझिटिव्ह मांजरांपैकी वीस निरोगी! किट खराब म्हणून नव्हे, रोग विरळ म्हणून. मांजर आजारी असेल, हिरड्या पांढऱ्या असतील, तर तीच रेघ जास्त विश्वासाची ठरते. कोयनाच्या बाबतीत ती खरी असणार असं त्यांनाही वाटत होतं. तरी खात्री करायची, आणि तीही वेगळ्या तत्त्वाच्या चाचणीने.

ती चाचणी म्हणजे पीसीआर. हा विषाणू आरएनएचा असतो, पण पेशीत शिरल्यावर आपली डीएनए प्रत बनवतो आणि ती मांजराच्या स्वतःच्या डीएनएमध्ये शिवून टाकतो. एकदा शिवली की ती उसवत नाही. किट रक्तात वाहणारं प्रथिन शोधतं, पीसीआर ही शिवलेली प्रत शोधते. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की चित्र दिसतं. दोन्ही पॉझिटिव्ह आणि तसेच टिकून राहिले, तर विषाणू जोरात आहे आणि मांजर तो पसरवतंही आहे. प्रथिन नाही पण प्रत आहे, तर शरीराने विषाणूला दाबून ठेवलंय. दोन्ही नाहीत, तर बहुधा संसर्ग झालाच नाही किंवा शरीराने तो मुळातच उलथवून लावला. मात्र नुकता संसर्ग झालेल्या मांजरातही दोन्ही पॉझिटिव्ह येतात आणि पुढे चित्र पालटतं, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं.

नमुना पुण्याला पाठवायचा होता. जांभळ्या टोपणाची नळी, आत रक्त गोठू न देणारं रसायन. रक्त भरल्यावर ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, जोरात हलवायची नाही, नाहीतर पेशी फुटतात. नळी कापसात, मग झिपच्या पिशवीत, मग कागदात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात जेल पॅकच्या शेजारी. थंडीने रक्ताचा बर्फ होता कामा नये, म्हणून थेट बर्फाला टेकवायची नाही. नमुना सोमवारी पाठवायचा, म्हणजे कुरिअर रविवारच्या सुट्टीत अडकत नाही. डब्यावर चिकटपट्टी लावताना मी इतकी काळजी घेत होते की कुरिअरवाल्या मुलाने विचारलं, "काकू, आत काय काच आहे का?" किटला दीड हजार, पीसीआरला कुरिअर धरून साडेतीन हजार गेले. शिक्षिकेच्या पगारात हा खर्च अंगावर येतो. लोक चाचणी टाळतात त्याचं एक कारण हेच आहे.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला: पॉझिटिव्ह, सीटी २१. करोनाने सांगलीतल्या घराघराला सीटी व्हॅल्यू शिकवली होती, त्यामुळे आकडा खाली म्हणजे विषाणू जास्त, हे कळायला डॉक्टर लागले नाहीत. पुरात परातीत खाताना लागला, की नंतर गच्चीवरच्या एखाद्या बोक्याकडून? की पूर्वीच लागून दबलेला विषाणू आता उसळला? मी हे सगळं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "कधी लागला ते चाचणी सांगत नाही. आज काय आहे एवढंच सांगते." सहा आठवड्यांनी कोयनाची पुन्हा तपासणी केली, तेव्हाही तेच निकाल आले.

जुलैअखेर कृष्णा पुन्हा चढली. आम्ही सामान माडीवर नेत होतो, आणि दुसरीकडे मी भडंगचे दिवस मोजत होते. वेगळं केल्याला बेचाळीस दिवस २ ऑगस्टला पूर्ण झाले, आणि त्याला पुन्हा चाचणीसाठी नेलं.

ती दुपार अजून जशीच्या तशी समोर आहे. बाहेर अंधारून आलेलं. थेंब पडले, ओल पट्टीवर चढत गेली, नियंत्रण रेघ उमटली. ल्युकेमियाच्या जागी काही नाही. आठव्या मिनिटाला मला तिथे काहीतरी भासलं. मी काही बोलले नाही. दहाव्या मिनिटाला मॅडमनी पट्टी उचलून ट्यूबलाइटखाली धरली, मग खिडकीपाशी नेली, थोडी तिरपी केली. दुधाच्या पेल्यावर बोट फिरवल्यावर कडेला ओल राहते तेवढीच फिकट, पण सरळ, रुंदीने नियंत्रण रेघेइतकी, आणि किंचित गुलाबी. सहायक म्हणाला, "सावली असेल." मॅडम म्हणाल्या, "सावलीला रंग नसतो. फिकट रेघही रेघच." त्यांनी वेळेतच फोटो काढला आणि मग पट्टी टाकून दिली. वेळ उलटल्यावर, पट्टी वाळल्यावर उमटणाऱ्या रेघेवर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा बघत बसायची नाही.

पुन्हा जांभळी नळी, पुन्हा थर्माकोलचा डबा. पुराच्या भीतीने कुरिअर दोन दिवस बंद होतं, म्हणून नमुना पुन्हा नव्याने घ्यावा लागला. रिपोर्ट: पॉझिटिव्ह, सीटी ३३.

म्हणजे भडंगला संसर्ग झाला होता, बहुधा आमच्याच घरात, आमच्याच वाटीतून. सासूबाईंना मी तीन दिवस सांगितलं नाही.

आता प्रश्न एकच होता: तो हरतोय की जिंकतोय? एवढ्या लहान वयात लागण झालेली पिल्लं पुष्कळदा हरतात. पण आकडा मोठा होता, रेघ फिकट होती, पिल्लू खेळत होतं. यावर विषाणू मारणारं खात्रीचं औषध नाही. पोटभर खाणं, जंतांचं औषध, ताण नको, आणि थांबणं. साधारण सोळा आठवड्यांत शरीराने विषाणूला दाबलं तर दाबलं, असं मॅडमनी सांगितलं होतं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयात १४ ऑक्टोबरभोवती गोल केला आणि त्या पानाकडे बघायचं टाळलं.

त्या महिन्यांत कोयनाने आम्हाला बराच आनंद दिला. हिमोप्लाझ्माचं औषध लागू पडलं, पीसीव्ही २४ वर गेला, ती पुन्हा खिडकीच्या कठड्यावर उडी मारू लागली. ज्यांनी तिला त्या दिवशीच झोपवायला सांगितलं होतं, त्यांनी हे पाहायला हवं होतं असं मला कितीदा तरी वाटलं.

दसरा झाल्यावरच्या सोमवारी भडंगला नेलं. तो आता तीन किलोंचा बोका झाला होता, टॉवेल पुरेना. या वेळी दहा मिनिटं मी पट्टीकडे पाहिलंच नाही, भिंतीवरच्या कुत्र्यांच्या जातींच्या तक्त्यावरची नावं वाचत बसले. मॅडमनी पट्टी माझ्यासमोर ठेवली. ट्यूबलाइटखाली, खिडकीत, तिरपी करून, सगळीकडून पाहिली. एकच रेघ होती, नियंत्रणाची. पीसीआर मात्र पुन्हा पॉझिटिव्ह आला, सीटी ३६. विषाणूची प्रत त्याच्यात शिवलेली आहे आणि कायम राहणार. पण रक्तात विषाणू नाही, लाळेतून तो कुणाला देत नाही. दर सहा महिन्यांनी किट, काही आजारपण आलं तर लगेच. आणि त्याला बाहेर सोडायचं नाही. सासूबाईंना त्या संध्याकाळी सगळं सांगितलं, फिकट रेघेपासून. त्यांनी भडंगला पदराखाली घेतलं आणि देवापुढे साखर ठेवली.

डिसेंबरात कोयना पुन्हा उतरायला लागली. या वेळी काचेवर जंतू नव्हते, अस्थिमज्जाच रक्त बनवेनाशी झाली होती. पीसीव्ही ११ वर आला, तेव्हा रक्त देण्याचा विषय निघाला. मैत्रिणीचा बोका तयार होता. त्याच्या किटचा निकाल निगेटिव्ह आला, पण दात्याची पीसीआरही करावी लागते, कारण दबलेल्या विषाणूचं रक्त दुसऱ्याच्या अंगात गेलं तर तिथे तो जागा होऊ शकतो. कोयनाला आधीच संसर्ग आहे, मग काय फरक पडतो, असं मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "या बोक्याला आपण उद्या दुसऱ्या मांजरासाठीही बोलावू." रिपोर्ट निगेटिव्ह आला, रक्त चढवलं, त्यावर ती तीन आठवडे छान जगली. संक्रांतीच्या चार दिवस आधी पहाटे, सासूबाईंच्या पायाशी झोपेतच गेली. गच्चीवर कुंडीतल्या तुळशीशेजारी ती जिथे ऊन खात बसायची, तिथे आम्ही आता काही ठेवत नाही.

त्यानंतरच्या मार्चमध्ये रात्री साडेदहाला फोन आला. मिरजेच्या एका बाईंच्या मांजरीला तातडीने रक्त हवं होतं, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की गावभागात एक धष्टपुष्ट, लस दिलेला तरुण बोका आहे. भडंग समोरच पाय पसरून झोपला होता, साडेचार किलोंचा. मी त्याची फाइल काढली. पहिल्याच पानावर मॅडमनी लाल शाईने लिहिलंय: रक्तदान नाही. मी ते त्या बाईंना फोनवर वाचून दाखवलं, का ते सांगितलं, आणि मैत्रिणीचा नंबर दिला. तिच्या बोक्याच्या दोन्ही चाचण्या झालेल्या होत्या, दोन्ही निगेटिव्ह, पण तीन महिन्यांपूर्वीच्या. "आधी किट पुन्हा करून घ्या," मी म्हटलं, "दहाच मिनिटं लागतात."